पाण्याचा तांब्या कोणाच्या हातात? चाळीसगावचा टांगा, मॉन्टेसरीचे धडे आणि खानदेशातील आमची मुले

जळगाव शहरातील एका पूर्वप्राथमिक शाळेत आम्ही ओळखीच्या एका कुटुंबासोबत प्रवेशाची चौकशी करायला गेलो होतो. दारावर 'मॉन्टेसरी' अशी पाटी होती. आत बुटक्या टेबलांवर छोटे ट्रे मांडलेले. साडेतीन वर्षांची एक मुलगी एका चंबूतून दुसऱ्या चंबूत पाणी ओतत होती. थोडे सांडले. ती उठली, फडके घेऊन आली, पुसले आणि पुन्हा ओतायला बसली. तिच्यावर कोणी ओरडले नाही, कोणी शाबासकीही दिली नाही. "हा आमचा जीवन व्यवहाराचा तास," असे तिथल्या बाईंनी सांगितले. मग फी सांगितली. बाहेर आल्यावर त्या कुटुंबातील आजी म्हणाली, "पाणी ओतायला शिकवायचे एवढे पैसे? आमच्या पोरी तर पाच वर्षांच्या असल्यापासून हंडे वाहतात!"

आम्ही तेव्हा हसलो. पण आजीचे वाक्य डोक्यातून जाईना. हंडा वाहणाऱ्या मुलीलाही पाणी ओतता येतेच. मग त्या शाळेतील मुलगी असे वेगळे काय शिकत होती? आणि ज्या देशात पाण्याला कोणी हात लावायचा हे हजारो वर्षे जन्मावरून ठरले, त्या देशात तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पाण्याचा तांब्या देणे ही साधी गोष्ट आहे का?

आमचे म्हणणे असे आहे की ती साधी गोष्ट नाही. पाणी ओतणे, हात धुणे, झाडणे, बटण लावणे, दुसऱ्याला वाढणे या कामांना शिक्षणात मानाची जागा देणारी पद्धत मुळात गरीब वस्तीत जन्मली. महाराष्ट्रात ती दलित वस्तीच्या अंगणापर्यंत पोहोचली होती. तिथून ती श्रीमंतांच्या शाळेत गेली आणि आमच्या मुलांच्या वाट्याला फक्त वजनकाटा आणि खिचडी उरली. हा इतिहास आपल्या लोकांना माहीत असायला हवा, म्हणून हा लेख.

चाळीसगावचा पूल, १९२९

सुरुवात आपल्या खानदेशातून करू. १९२९ साल. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करायला नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. खानदेशचे दोन्ही जिल्हे, म्हणजे आजचे जळगाव आणि तेव्हा नंदुरबारसह असलेले धुळे, त्यांच्या आणि आणखी एका सदस्याच्या वाट्याला आले होते. ते काम आटोपून मुंबईला परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. धुळे लाइनवरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी त्यांना करायची होती. ती करून ते पुन्हा चाळीसगावला आले. महारवाड्यातील लोक हार घेऊन स्टेशनवर हजर होते. पण तासभर कोणी हालेना. बाबासाहेबांना कारण कळेना.

अखेर एक टांगा आला. टांग्यात ते आणि हाकणारा, दोघेच. दोनशे पावले जातात न जातात तोच समोरून आलेल्या मोटारीशी धडक होता होता वाचली. पुढे नदीवरच्या पुलाशी वळण होते. घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. चळवळीत तो नेहमी सांगितला जातो आणि त्याचा अर्थ असा लावला जातो की बॅरिस्टरपेक्षा टांगेवाला स्वतःला मोठा समजत होता. तो अर्थ खराच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. टांगेवाले अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. साहेबांनी पायी चालत यावे हे महारवाड्याला मान्य नव्हते. तेव्हा तडजोड झाली: मालकाने टांगा भाड्याने द्यायचा, हाकणारा माणूस महारांनी आणायचा. आणि महारवाड्यात टांगा हाकता येणारा एकही माणूस नव्हता, कारण तो त्यांचा धंदा नव्हता. एकाने लगाम हातात घेतला, पण पुढे जबाबदारीच्या जाणिवेने तो घाबरून गेला.

जातीने आमच्याकडून जमीन आणि पाणी काढून घेतले हे आपण म्हणतो. जातीने आमच्या हातांतील कौशल्यही काढून घेतले. कोणत्या हाताने काय करायचे आणि काय कधीच करायचे नाही हे जन्मताच ठरले होते. लगाम धरण्याचा सराव नसलेला तो माणूस अडाणी नव्हता, त्या हातांना लगाम कधी धरूच दिला गेला नव्हता. त्याची किंमत बाबासाहेबांच्या पायाने मोजली. आणखी आठ वर्षांनी, ३१ जुलै १९३७ रोजी, ते एका खटल्यासाठी वकील म्हणून धुळ्याला आले. त्या मुक्कामाची आठवण आपण खानदेशात आजही जपतो. चाळीसगावच्या पुलाचा हा दुसरा धडाही तसाच जपायला हवा.

साताऱ्याचा नळ

त्याच आठवणींत बाबासाहेबांच्या शाळेची हकिकत आहे. साताऱ्याच्या शाळेत सवर्ण मुलांना तहान लागली की ती मास्तरांना विचारून नळावर जात आणि पाणी पीत. भीमरावाला नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. बसायला घरून गोणपाट न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला शिवत नसे.

घरचे चित्र पाहा. साताऱ्यात धोबी होते, पैसे द्यायची ऐपतही होती. पण धोबी अस्पृश्यांचे कपडे धूत नसे, म्हणून बहिणी कपडे धूत. न्हावी केस कापत नसे, म्हणून मोठ्या बहिणीने केस कापायला शिकून घेतले आणि ती त्या कामात तरबेज झाली. १९०१ साली ही भावंडे वडिलांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. वर अट अशी की मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. मध्यरात्रीपर्यंत प्रवास झाला. जवळ शिदोरी होती, पाणी मिळाले नाही.

म्हणजे एकीकडे नळ सोडण्यासारखे लहान मुलाचे काम करायला बंदी आणि दुसरीकडे मुलांच्या वयाला न झेपणारी कामे लादलेली. आजची शिक्षणशास्त्राची पुस्तके ज्यांना 'जीवन कौशल्ये' म्हणतात, त्यांचा आमच्या समाजातील इतिहास हा असा आहे.

सान लोरेंझोची मुले

आता जरा दूर जाऊ. इटलीची राजधानी रोम, मजुरांची वस्ती सान लोरेंझो. आईबाप कामावर जायचे आणि लहान मुले जिन्यांत, अंगणांत मोकाट असायची. इमारतींची मालकी ज्या कंपनीकडे होती, तिला मुलांनी भिंती खराब करू नयेत अशी काळजी होती. म्हणून मुलांना एका खोलीत सांभाळायचे ठरले. हे काम मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर बाईंकडे आले. ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले 'बालगृह' उघडले. मुले सुमारे पन्नास-साठ, आईबाप बहुतेक अक्षरशत्रू. मॉन्टेसरीबाईंनी त्याआधी मतिमंद ठरवलेल्या मुलांसोबत काम केले होते. ज्यांच्याविषयी समाजाने आशा सोडली होती, त्या मुलांपासून या पद्धतीची सुरुवात झाली हे लक्षात ठेवले पाहिजे.

तिथे पहिले धडे अक्षरांचे नव्हते. हात कसे धुवायचे, खुर्ची आवाज न करता कशी उचलायची, बटणे कशी लावायची, जमीन कशी झाडायची, बूट कसे पुसायचे, जेवताना एकमेकांना कसे वाढायचे, हे धडे होते. प्रत्येक वस्तू मुलाच्या हाताच्या मापाची. झाडू लहान, टेबल लहान. भांडी मात्र खरी, काचेची आणि चिनी मातीची, पडली तर फुटणारी. बाईंनी काम एकदा सावकाश, फारसे न बोलता करून दाखवायचे आणि मागे सरायचे. मूल चुकले तर त्याची चूक सांडलेले पाणीच त्याला दाखवते, त्यासाठी मास्तरची छडी लागत नाही.

मॉन्टेसरीबाईंनी एक प्रसंग नोंदवला आहे. त्यांनी एकदा मुलांना नाक कसे शिंकरायचे, रुमाल कसा वापरायचा हे नीट करून दाखवले. मुले टक लावून पाहत राहिली आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई चकित झाल्या. मग त्यांच्या लक्षात आले की या मुलांना नाकावरून सगळे सतत टाकून बोलतात, पण नाक कसे साफ करायचे हे कोणी कधी प्रेमाने दाखवलेले नसते. त्यांच्या मानाला कोणीतरी पहिल्यांदा हात दिला होता.

'शेंबडा', 'घाणेरडा', 'अमक्या वाड्यातला' हे शब्द ऐकत वाढलेल्या आमच्या पिढ्यांना या टाळ्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पद्धत भारतात आली, पण कोणत्या दाराने?

गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला होते, तेव्हा ऑक्टोबर १९३१ मध्ये मॉन्टेसरीबाईंच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत त्यांचे भाषण झाले. हे शिक्षण श्रीमंतांबरोबर गरिबांच्या मुलांनाही मिळावे अशी आशा त्यांनी व्यक्त केली. त्याच दिवसांत, त्याच शहरात, त्याच परिषदेत बाबासाहेब अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांसाठी गांधीजींशी झुंजत होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. 'गरीब मूल' हा शब्द उच्चारणे सोपे असते. गरीब मूल अस्पृश्य असेल तर त्याने ओतलेले पाणी शेजारचे मूल पिईल का, हा प्रश्न त्या शब्दाखाली झाकला जातो.

नोव्हेंबर १९३९ मध्ये मॉन्टेसरीबाई मुलासोबत मद्रासच्या अड्यारला, थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात आल्या. १९४० साली इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिशांच्या लेखी हे दोघे शत्रू देशाचे नागरिक झाले. मुलगा मारिओ याला काही काळ आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले होते. बाई १९४६ पर्यंत भारतात राहिल्या आणि हजारावर शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले. पण शिकणारे बहुतेक शिकल्या-सवरलेल्या, वरच्या थरातील घरांतून आलेले होते. त्यांच्यामागून ही पद्धत ज्या शाळांत गेली, त्या शाळांच्या दारापर्यंत आमची मुले पोहोचतच नव्हती.

बोर्डीचे अंगण

याला एक मोठा अपवाद महाराष्ट्रात घडला आणि त्याचे श्रेय प्रामाणिकपणे दिले पाहिजे. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करत होत्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालवले. पण शहरातील पांढरपेशा मुलांपुरते हे काम राहते आहे ही बोच त्यांना लागली. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बालविधवा असूनही शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांत गेले.

बोर्डीत अडचण आली ती आपल्या ओळखीची आहे. केंद्र उघडले, पण दलित आणि आदिवासी मुले येईनात. तेव्हा बाईंनी शाळाच मुलांकडे नेली. वस्तीतील एखादे अंगण सारवून घ्यायचे आणि तिथेच मुलांना जमवायचे. आंघोळ, नखे, केस, गाणी, बिया-शिंपल्या-पानांचे खेळ, सगळे तिथेच. अंगणात भरते म्हणून 'अंगणवाडी'. आज देशभर सरकारी कागदांवर असलेला हा शब्द आमच्या वस्त्यांच्या अंगणांतून उचललेला आहे. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडणार नाहीत म्हणून त्यांनी माती, चिंचोके, बांबू वापरले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच 'कुरणशाळा' भरवली.

या कामाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. दलित वस्तीत जाऊन मुलांना स्वच्छ करणे या कल्पनेत एक धोका असतो. जणू घाण हा आमचा स्वभाव आहे आणि कोणी दयाळू माणूस येऊन ती धुणार आहे. आमची मुले अस्वच्छ होती, कारण विहीर बंद होती. महात्मा फुले यांनी हे ओळखले होते. १८६८ साली त्यांनी स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आरोग्याचे पाठ शाळेत असावेत ही मागणी त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली, तीही हौद खुला केल्यानंतर चौदा वर्षांनी. पाणी आधी आणि स्वच्छतेचा उपदेश नंतर, हाच योग्य क्रम आहे. त्याच निवेदनात फुल्यांनी म्हटले होते की शिक्षक असा हवा, ज्याला वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराचे हत्यार हातात धरायला लाज वाटणार नाही. रोमच्या बालगृहाच्या पंचवीस वर्षे आधी पुण्याचा एक माळी हे सांगत होता.

"आमच्या मुलांच्या हातात पुन्हा झाडू?"

हा प्रश्न आमच्याच कार्यकर्त्यांनी आम्हाला विचारला आहे आणि तो रास्त आहे. झाडू आमच्या हातातून सुटावा म्हणून तर चळवळ झाली. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, कमीपणा आणणाऱ्या चालीरीती सोडा असे सांगितले. आमच्यापैकी कितीतरी जणांना आठवते की शाळेत वर्ग झाडायला, मुतारीवर पाणी टाकायला कोणाची नावे पुकारली जायची. मग आता तीन वर्षांच्या पोराला झाडू धरायला शिकवायचा?

उत्तर शोधायला आणखी एका घटनेकडे पाहू. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी एक योजना आणली. मुलांनी अर्धा दिवस शाळेत जायचे आणि उरलेला वेळ घरी आईबापांचा धंदा शिकायचा. चांभाराच्या मुलाने चामडे, धोब्याच्या मुलाने धुणे. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला जातीचे शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ साली राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराजांनी ती योजना गुंडाळली. हाताने काम करण्याला द्रविड चळवळीचा विरोध नव्हता. बापाचेच काम पोराच्या गळ्यात बांधण्याला होता.

जात म्हणजे कामांची वाटणी असे तिचे समर्थक सांगत. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये दाखवून दिले की इथे वाटले गेले आहेत ते काम करणारे हात, आणि तेही एकावर एक पायऱ्या रचून. या कसोटीवर प्रत्येक बालवाडी तपासता येते. झाडू एकाच वाड्यातल्या मुलांच्या हातात असेल तर ती वेठबिगार. पाटलाचा नातू, व्यापाऱ्याची नात, भटजीचा मुलगा आणि आमची मुलगी पाळीपाळीने तोच झाडू धरत असतील, आपण केलेला कचरा आपण भरत असतील आणि आमची मुलगी पाळीपाळीने सगळ्यांना पाणी वाढत असेल, तर तो जातिअंताचा पहिला धडा.

आजीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. हंडा वाहणारी मुलगी दुसऱ्याच्या गरजेसाठी, वयाला न झेपणारे ओझे, नाइलाजाने वाहते. सांडले तर मार खाते. चंबूतून पाणी ओतणारी मुलगी स्वतःच्या मापाचे काम, स्वतःच्या मनाने, पुन्हा पुन्हा करते आणि सांडले तर स्वतः पुसते. पहिलीच्या हातात बळ येते, पण तिला कळते की आपण कामासाठी जन्मलो. दुसरीला कळते की हे हात माझे आहेत आणि मला जमते. आमच्या मुलींना हे दुसरे शिक्षण हवे आहे. फी भरू शकणाऱ्यांचीच मुले ते घेतात हा अन्याय आहे.

सहा वर्षांखालील मूल कायद्यातून कसे निसटले

हा अन्याय आपोआप झालेला नाही. मूळ राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये राज्याला सांगितले होते की दहा वर्षांच्या आत सर्व मुलांना चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. तीन वर्षांचे मूलही त्यात बसत होते. ते उद्दिष्ट कधी पुरे झाले नाही. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षण मूलभूत हक्क बनले. आपण आनंद केला. पण तो हक्क ६ ते १४ वयाचा. सहा वर्षांखालील मुलांना नव्या कलम ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले गेले. राज्याने 'प्रयत्न करावा', एवढेच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा याच चौकटीत आला.

दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव गेली. योजनेच्या सहा सेवांत पूर्वप्राथमिक शिक्षण आहेच. पण प्रत्यक्षात पोषण आणि लसीकरण पुढे गेले आणि शिक्षण मागे पडले. याचा दोष आम्ही अंगणवाडीताईंना देत नाही. पगाराऐवजी मानधनावर काम करणारी ती बाई वजने घेते, रजिस्टरे भरते, मोबाइलवर माहिती चढवते, सर्वेक्षणाला फिरते. मुलांजवळ बसायला तिला वेळ उरतो किती?

कायद्यात आपल्या हाताला लागेल असे एक हत्यार मात्र आहे. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की नव्या अंगणवाड्या उघडताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. आमच्या किती कार्यकर्त्यांनी या आदेशाच्या आधारे अर्ज केला आहे? सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर, शिरपूर तालुक्यांतील पाड्यांवर आणि शहरांतील आमच्या वस्त्यांत मुले मोजून पाहा.

खानदेशात काय करता येईल

काही मित्र म्हणतात, मॉन्टेसरीची साधने महाग असतात. जीवन व्यवहाराच्या कामांना ती लागतच नाहीत. दोन लहान तांबे, चार पेले, एक फडके. सुरुवात ज्वारीचे दाणे ओतण्याने करायची आणि हात स्थिर झाला की पाण्याने. जळगाव हा केळीचा जिल्हा. केळ सोलणे, बिनधारेच्या सुरीने त्याच्या चकत्या करणे, ताटलीत मांडून सगळ्यांना वाटणे हा जगभरच्या मॉन्टेसरी शाळांतील धडा आहे, आणि त्यासाठी लागणारी केळी आपल्या दारात आहेत. भुईमुगाच्या शेंगा फोडणे, कापसातून सरकी वेगळी करणे, तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे निवडणे यांतून तीच बोटे तयार होतात, जी पुढे पेन्सिल धरतात. जुन्या सदऱ्याची बटणपट्टी लाकडी चौकटीवर ठोकली की बटण लावायचे साधन तयार. झाडूची काडी आखूड केली की मुलाच्या मापाचा झाडू. हे सगळे अहिराणीत, पावरीत, मुलाच्या घरच्या बोलीत करता येते, कारण इथे बोलण्यापेक्षा करून दाखवण्याला महत्त्व आहे.

तीन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळल्या पाहिजेत. पहिली, पाणी. अंगणवाडीत नळ नसेल तर हात धुण्याचा धडा ही थट्टा आहे. आधी ग्रामपंचायतीकडे किंवा महापालिकेकडे नळ मागा. दुसरी, पाळी. झाडण्याची, वाढण्याची, पाणी देण्याची पाळी भिंतीवर लिहिलेली असावी आणि ती प्रत्येक मुलाची यावी, मुलग्यांचीसुद्धा. आमच्याच घरांत झाडू मुलीकडे आणि पाण्याचा पेला मुलाच्या हातात आयता जातो, हे आपण मान्य केले पाहिजे. तिसरी, संडास. संडास साफ करण्याचे काम कोणत्याही मुलाला, कोणत्याही नावाखाली देऊ नये. ते जीवन कौशल्य नव्हे.

आणखी एक. दलित मदतनिसाच्या हातचे अन्न आपल्या मुलांना खाऊ न देणारे पालक देशात आजही आहेत, अशा बातम्या येत राहतात. आमच्या मुलीने ओतलेले पाणी शेजारच्या मुलाने प्यायला त्याच्या घरचे हरकत घेतील, तेव्हा तो धडा थांबवायचा नाही. चवदार तळ्यावर १९२७ साली जे झाले ते मोठ्यांनी केले होते. तीन-चार वर्षांच्या मुलांना शिवाशिव माहीत नसते, ती त्यांना नंतर शिकवली जाते. ती शिकवली जाण्याआधीची ही तीन वर्षे आहेत, आणि ती आपण रिकामी जाऊ दिली आहेत.

येत्या १४ एप्रिलला आपण मिरवणूक काढू, डीजे लावू, वर्गणीचे हिशेब करू. त्या वर्गणीतून प्रत्येक जयंती मंडळाने आपल्या वस्तीतील एका अंगणवाडीला लहान तांब्या-पेल्यांचा एक संच, बुटके टेबल आणि हात धुवायला एक नळ द्यावा असे आम्ही सुचवतो. सोबत मंडळातील दोन शिकलेल्या मुला-मुलींनी आठवड्यातून एक तास तिथे बसावे. चाळीसगावच्या महारवाड्यात त्या दिवशी लगाम धरता येणारा एक हात मिळाला नाही. आपल्या वस्तीतील मुलांचे हात कशासाठी तयार होत आहेत, हे जाऊन पाहण्याची जबाबदारी आता आपली आहे.

जय भीम!